जुनाट वेदना आणि धम्म : दुसऱ्या बाणाचा इतिहास

मराठी भाषेत 'वेदना' या शब्दाचा दुखणे एवढाच अर्थ आज उरला आहे. पालि वाङ्मयात हा शब्द पुष्कळ व्यापक आहे. इंद्रियांचा विषयाशी स्पर्श झाला की जी जाणीव उत्पन्न होते ती वेदना. ती सुखद असते, दुःखद असते, अथवा सुखदही नसते आणि दुःखदही नसते. पाच स्कंधांमध्ये तिची गणना होते आणि चार स्मृतिप्रस्थानांमध्ये कायेनंतर तिचेच स्थान आहे. म्हणजे वेदना ही धम्मात निरीक्षणाची वस्तू आहे.

आमच्या भाषेत दुखण्यासाठी आणखी एक शब्द रूढ आहे, तो म्हणजे 'भोग'. एखाद्या म्हातारीची कंबर वीस वर्षे दुखत असते. औषधांनी उतार पडत नाही. मग शेजारीपाजारी म्हणतात, 'देहाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे.' वेदना हा शब्द दुखण्याकडे पाहावयास शिकवितो. भोग हा शब्द ते मुकाट्याने सोसावयास लावतो. पहिला शब्द तथागतांचा आहे, दुसरा पूर्वजन्माच्या कर्मसिद्धांताचा आहे. या दोन शब्दांतील अंतर स्पष्ट करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वैद्यकाने जुनाट वेदनेवर मानसशास्त्रीय उपचारांच्या अनेक पद्धती विकसित केल्या. त्यांपैकी एका महत्त्वाच्या पद्धतीचे मूळ बुद्धवचनात आहे. हा इतिहास आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक असला पाहिजे. त्याचबरोबर, धम्मातील कोणता भाग त्या दवाखान्यांपर्यंत पोहोचला आणि कोणता वाटेतच राहिला, याचाही विचार झाला पाहिजे.

तथागतांची पाठदुखी

ज्ञानप्राप्तीनंतर शारीरिक वेदना नाहीशा होतात, अशी समजूत पुष्कळांची असते. त्रिपिटक या समजुतीला दुजोरा देत नाही. दीघ निकायातील संगीति सुत्तात पावा येथील मल्लांच्या नव्या सभागृहात भगवंतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि नंतर आपली पाठ दुखत असल्याचे सांगून पुढील उपदेशाचे काम सारिपुत्तांवर सोपविले. मज्झिम निकायातील सेख सुत्तातही असाच प्रसंग आहे. तेथे कपिलवस्तूच्या शाक्यांचे सभागृह आहे आणि सारिपुत्तांच्या ठिकाणी आनंद आहेत. राजगृहाजवळ मद्दकुच्छि येथे दगडाच्या कपचीने भगवंतांच्या पायास जखम झाली, तेव्हा त्यांना तीव्र वेदना झाल्या आणि त्या त्यांनी स्मृतिपूर्वक, विचलित न होता सहन केल्या, असे संयुत्त निकाय सांगतो. महापरिनिब्बान सुत्तात बेलुव गावच्या अखेरच्या वर्षावासात झालेल्या जीवघेण्या आजाराचे वर्णन आहे. त्यानंतर आनंदांशी बोलताना ऐंशी वर्षांचे तथागत आपल्या देहाला दोरखंडांनी बांधून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात.

हे सर्व प्रसंग संगायनकारांनी झाकून ठेवले नाहीत, ही मोठी लक्षणीय गोष्ट आहे. एखाद्या धर्मसंस्थापकाला अलौकिक ठरवावयाचे असते तर त्याची पाठदुखी कोणी नोंदविली नसती. भगवान बुद्ध पाठ दुखल्यावर 'माझी पाठ दुखते' असे सांगतात, आडवे होतात आणि काम सहकाऱ्याकडे देतात. जुनाट दुखण्यासह जगावे कसे याचा पहिला पाठ येथेच आहे. दुखणे नाकारू नये, ते लपवू नये आणि त्याच्यापुढे शरणही जाऊ नये.

दोन बाण

या आचरणामागील विचार संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात सल्लत्थ सुत्तामध्ये आला आहे. शारीरिक दुःख होताच धम्म न ऐकलेला मनुष्य शोक करतो, छाती पिटतो, गोंधळून जातो. त्याला दोन वेदना होतात, एक कायिक आणि दुसरी चैतसिक. जणू एक बाण लागल्यावर त्याच मनुष्यास लगेच दुसरा बाण मारावा. धम्म ऐकलेल्या श्रावकास मात्र पहिलाच बाण लागतो. येथे पहिला बाण लागतच नाही असे तथागत म्हणत नाहीत. तो लागतो आणि दुखतोही. त्यावर भीती, चीड व निराशा यांचा जो दुसरा बाण आपण स्वतः रोवून घेतो, तो मात्र टाळता येतो.

भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे वृद्ध व सतत आजारी असणाऱ्या नकुलपिता या गृहस्थास भगवंतांनी हीच शिकवण दिली. काया आतुर झाली तरी चित्त आतुर होऊ नये असा अभ्यास करण्यास त्यांनी सांगितले आणि सारिपुत्तांनी त्याचा अर्थ उलगडून दाखविला. नकुलपिता भिक्खू नव्हता, तो संसारी गृहस्थ होता. तेव्हा ही साधना अरण्यात राहणाऱ्यांपुरती नाही, हे स्पष्ट आहे.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे धम्म अर्धाच सांगणे होय. त्याच वेदना संयुत्तात सीवक सुत्त आहे. मोलियसीवक या परिव्राजकाने विचारले की, मनुष्यास जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय? भगवंतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्मविपाक हे आठांतील एक कारण आहे. सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाची आणि लोकमान्य सत्याची मर्यादा ओलांडतात, असा भगवंतांचा निर्वाळा आहे. 'भोग' या शब्दाचे याहून स्पष्ट खंडन दुसरे कोणते हवे?

विनयपिटकातील महावग्गात तर रुग्णसेवा हा संघाचा नियमच झाला आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूस भगवंतांनी आनंदांसह स्वतः धुतले व खाटेवर निजविले. नंतर त्यांनी संघास बजावले की, ज्याला तथागतांची सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. शुश्रूषा करण्यास सोपा असा रुग्ण कोणता, याचीही पाच लक्षणे तेथे आहेत : तो हितकर तेच करतो, त्यात प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजार वाढला की कमी झाला ते शुश्रूषा करणाऱ्यास जसे आहे तसे सांगतो आणि शारीरिक वेदना सहन करू शकतो. सहनशीलता या पाचांत एक आहे, आणि तिच्या शेजारीच औषध घेणे व दुखणे स्पष्ट सांगणे ही लक्षणे आहेत. सांगू न देता सोसावयास लावणे हे धम्मसंमत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाची वाट

युरोपीय वैद्यकात दीर्घकाळ वेगळी कल्पना प्रचलित होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या १६६४ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेचे चित्र घंटेच्या दोरीसारखे आहे : पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी इजा तेवढे दुखणे, असा याचा अर्थ. मग इजा भरून आल्यावरही ज्याचे दुखणे वर्षानुवर्षे थांबत नाही, तो रुग्ण खोटारडा किंवा वेडा ठरू लागला.

या कल्पनेस पहिला मोठा तडा युद्धभूमीवर गेला. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची पाहणी केली व ती १९४६ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषधाची गरज वाटली नव्हती. पुढे १९५६ साली बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी तुलना केली, तेव्हा जखम लहान असूनही नागरिकांची औषधाची मागणी कितीतरी अधिक आढळली. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. नागरिकाच्या दृष्टीने तीच मोठी आपत्ती होती. जखमेचा अर्थ बदलला की दुखणेही बदलते, हा त्यातील बोध.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी द्वार-नियंत्रण सिद्धांत मांडला. मज्जारज्जूमध्ये जणू एक दार असते, ते वेदनेचे संदेश कमीअधिक प्रमाणात वर जाऊ देते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते दार उघडतात वा लोटतात. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. परंतु लक्ष, भीती व पूर्वानुभव यांचा वेदनेच्या जडणघडणीत वाटा असतो, हा त्याचा गाभा टिकला.

दरम्यान सिएटल येथे डॉ. जॉन बोनिका यांनी निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र आणून वेदना-उपचार केंद्र उभारले होते. बोनिका उमेदीत व्यावसायिक कुस्ती खेळलेले आणि त्या कुस्तीची दुखणी आयुष्यभर वागविणारे गृहस्थ होते. त्यांचा वेदनोपचारावरील बृहद्ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याच सिएटलमध्ये मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ साली वर्तनोपचाराची मांडणी केली : दुखेल तेव्हा विश्रांती न घेता ठरलेल्या मापाने हालचाल करावी, दुखेल तेव्हा औषध न घेता ठरलेल्या वेळी घ्यावे. १९८३ साली डेनिस टर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात विचारांच्या परीक्षणाची भर घातली. 'आता हे कधीच थांबणार नाही', 'माझे सर्व संपले' असे विचार रुग्णाने ओळखावेत व तपासून पाहावेत, ही बोधात्मक वर्तनोपचाराची दिशा होय. २००० साली योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी भीतीचे चक्र विशद केले : दुखेल या भयाने मनुष्य हालचाल टाळतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात, आणि दुर्बल शरीर अधिक दुखते. सल्लत्थ सुत्तातील दुसरा बाणच येथे निराळ्या परिभाषेत वर्णिलेला आहे.

रंगून ते मॅसॅच्युसेट्स

आता याच काळात पूर्वेकडे काय घडत होते ते पाहू. सत्यनारायण गोयंका हे रंगूनमधील व्यापारी तीव्र अर्धशिशीने बेजार झाले होते. त्यासाठी त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांचे व्यसन जडण्याचे भय होते. अनेक देशांतील डॉक्टर झाले, परंतु गुण येईना. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल आणि विपश्यनेचे गृहस्थ आचार्य होते. केवळ डोकेदुखी बरी करण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना सांगितले, असे स्वतः गोयंका सांगत असत. वेदना ही वाट असू शकते, परंतु वेदनामुक्ती हे साधनेचे अंतिम ध्येय नव्हे, असा त्या नकाराचा अर्थ आम्ही घेतो. पुढे १९६९ साली गोयंका भारतात आले आणि १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली.

भारतातील या शिबिरांत पाश्चात्त्य तरुणही येऊ लागले. जानेवारी १९७१ मध्ये बोधगया येथील गोयंकांच्या शिबिरात शॅरन साल्झबर्ग ही अमेरिकन तरुणी होती. जोसेफ गोल्डस्टीन हे त्यापूर्वीच, १९६७ पासून, बोधगयेत अनागारिक मुनींद्र यांच्याकडे शिकत होते. मुनींद्र हे चितगावकडील बरुआ बौद्ध कुळातले, महासी सयाडो यांचे शिष्य आणि काही काळ महाबोधी विहाराचे अधीक्षक होते. या तरुणांनी मायदेशी परतून १९७६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॅरी गावी विपश्यना केंद्र उघडले. त्या केंद्रातील १९७९ च्या एका शिबिरात जॉन कबाट-झिन या जीवशास्त्रज्ञास कल्पना सुचली की, ज्या रुग्णांपुढे वैद्यक हात टेकते त्यांना हीच साधना रुग्णालयात का देऊ नये? कबाट-झिन यांनी झेन साधना आणि योगाचाही अभ्यास केला होता. त्याच वर्षी वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी आपला वर्ग सुरू केला.

या वर्गात रुग्णास आडवे करून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेण्यास सांगितले जाते. दुखरा भाग आला की त्याला टाळू नये आणि त्याच्याशी लढूही नये. ठणका आहे, जळजळ आहे, ती वाढते, ओसरते, एवढे पाहावे. ही वेदनानुपश्यनाच होय. १९८२ साली कबाट-झिन यांनी ५१ जुनाट रुग्णांचा दहा आठवड्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ६५ टक्के रुग्णांचा वेदना-निर्देशांक किमान एक-तृतीयांशाने उतरला होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. २०१६ साली मात्र जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. २६ आठवड्यांनंतर दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण सजगतेच्या गटात ६०.५ टक्के, बोधात्मक वर्तनोपचाराच्या गटात ५७.७ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४.१ टक्के होते. २०२० साली ७५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात बोधात्मक वर्तनोपचाराचा लाभ खरा परंतु लहान असल्याचे दिसले. तेव्हा चमत्काराचा दावा कोणी करू नये. दुखणे जात नाही. दुखण्याने व्यापलेले आयुष्य काही अंशी परत मिळते. तथागतांनी नकुलपित्यास याहून अधिक आश्वासन दिले नव्हते.

पहिला बाण कोणी मारला?

रुग्णालयात नेताना या साधनेचा धार्मिक वेश उतरविला गेला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. दुःखितास उपयोग झाला, यात धम्माचे सार्थकच आहे. परंतु तेथे प्रामुख्याने सल्लत्थ सुत्ताचा आशय पोहोचला. सीवक सुत्त आणि महावग्ग बहुतांशी मागे राहिले. दुसरा बाण कसा टाळावा हे शिकविले गेले. पहिला बाण कोठून आला, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

आपल्या समाजाला हा प्रश्न विचारावाच लागतो. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले आणि बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आपल्या लेखनात उद्धृत केले आहे. त्या शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. वस्तीबाहेर त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीस दिला, पतीने पत्नीस लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. रोग्यास स्पर्शही न करता निदान झाले. ती स्त्री दगावली. या स्त्रीस चित्ताच्या समतेचा उपदेश करणारा मनुष्य धम्म सांगत नसून डॉक्टराच्या अपराधावर पांघरूण घालीत असता.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा नाही. २०१६ साली अमेरिकेत २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची व निवासी डॉक्टरांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयी, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते अशासारखी, किमान एक खोटी समजूत खरी मानली होती. अशी समजूत बाळगणारे कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखत आणि उपचारही कमी अचूक सुचवीत. आपल्याकडेही 'त्यांना सवय असते' हे वाक्य कष्टकऱ्यांच्या शरीराविषयी सर्रास ऐकू येते. २०१९ साली शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जाणार, फडात पाणी नाही, आडोसा नाही, अशा स्थितीत ओटीपोटाच्या दुखण्यास विश्रांती मिळत नाही. मिळते ती शस्त्रक्रिया. ही वेदना पित्ताची नव्हे, कफाची नव्हे आणि पूर्वकर्माची तर नव्हेच. सीवक सुत्ताच्या यादीत विषम निगा आणि बाहेरचा आघात ही जी कारणे आहेत, त्यांत ती बसते.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांताची चिकित्सा करताना दाखवून दिले आहे की, दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला झटकता यावी, यापलीकडे त्या सिद्धांताचा हेतू दिसत नाही. हे लिहिणारे बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ग्रासलेले होते. १९५१ साली हाती घेतलेला हा ग्रंथ आजारपणाच्या चढउतारांतून पुढे सरकला. १५ मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत त्यांनी त्या आजाराचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि आपल्याला सांभाळणाऱ्या पत्नीचे व डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे. महावग्गातील रुग्णाची लक्षणे येथे आठवावीत : दुखणे सांगितले, औषध घेतले, शुश्रूषा स्वीकारली, वेदना सोसली आणि काम थांबविले नाही. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला.

आमचे सांगणे एवढेच आहे की, आपल्या विहारांनी ही शिकवण तिच्या संपूर्ण स्वरूपात घ्यावी. विहारात येणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांचे गुडघे, कंबर, खांदे आयुष्यभराच्या ओझ्याने झिजलेले असतात. त्यांना प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. त्यांचे दुखणे अविश्वास न दाखविता ऐकून घ्यावे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही २०२० साली सुधारलेल्या आपल्या व्याख्येच्या स्पष्टीकरणात, वेदना होते असे सांगणाऱ्याच्या शब्दाचा आदर करावा, असे नमूद केले आहे. मग वेदनानुपश्यनेचा अभ्यास समजेल अशा भाषेत शिकवावा. दुखत असल्यास खुर्चीवर बसून वा आडवे होऊनही तो करता येतो. आणि हे दुखणे कोणत्या कामाने, कोणाच्या बेपर्वाईने आले, हेही विचारावे. दुसरा बाण ज्याचा त्यालाच काढावा लागतो, कारण तो स्वतःच्याच हाताने रोवलेला असतो. पहिला बाण मारणाऱ्या हाताला रोखणे हे मात्र एकट्या रुग्णाचे काम नव्हे, ते संघाचे काम आहे. 'भोग' हा शब्द आपल्या घरांतून जाईल तेव्हाच 'वेदना' या शब्दाचा तथागतांना अभिप्रेत असलेला अर्थ आपल्या भाषेत परत येईल.